वाढ थांबली, तरी वाढीचा निरोप येतच असतो

मैत्रिणींनो, वसईच्या एका भगिनीनं विचारलंय, "यजमानांची लग्नातली अंगठी आता बोटात जाईना, चपलेचाही नंबर वाढला. डॉक्टरांनी आयजीएफ-१ ही रक्ताची तपासणी सांगितली. ते म्हणे वाढीचं प्रथिन! आता पन्नाशीत कसली आलीय वाढ?"

शंका रास्त आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या वाढीच्या हार्मोनचा निरोप आला, की मुख्यतः यकृत हे प्रथिन तयार करून रक्तात सोडतं. त्याची घडण बरीचशी इन्सुलिनसारखी असते. मुलं वयात येताना त्याचं प्रमाण सर्वांत जास्त, मग वयाबरोबर हळूहळू उतरतं. पण ते संपत मात्र नाही. उंची थांबली, तरी स्नायूंची नि हाडांची डागडुजी चालूच असते ना? ती त्याच्याकडे.

कधी कधी पीयूषिकेवर गाठ येते. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण निरोप थांबता थांबत नाही. मोठ्या माणसाच्या हाडांची टोकं जुळून गेलेली, त्यामुळे उंची वाढत नाही. हात, पावलं, जबडा, जीभ मोठी होतात. घाम, घोरणं, डोकेदुखी सुरू होते. जादा हार्मोनमुळे इन्सुलिनचं काम नीट होत नाही, म्हणून मधुमेह होतो, रक्तदाबही वाढतो. या विकाराला अ‍ॅक्रोमेगॅली म्हणतात. बदल इतका सावकाश होतो, की रोज बघणाऱ्या घरच्यांना कळतच नाही. दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी धरून बघा!

अंगठी घट्ट होण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: वजन वाढणं, सूज, थायरॉईड. पण अंगठीबरोबर चपलेचा नंबरही वाढत असेल, तर ताई, तपासणी टाळू नका. शस्त्रक्रिया आणि औषधं, दोन्ही उपाय आहेत. मात्र रिपोर्टातला आकडा वयाप्रमाणे वाचायचा असतो. शेजारणीच्या मुलाच्या आकड्याशी ताडून बघू नये.

आता दुसरी बाजू. पोटाला पुरेसं अन्न, विशेषतः प्रथिनं मिळाली नाहीत, की हे प्रमाण घसरतं. पहाटे नुसत्या चहावर विरार लोकल गाठायची, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, आणि उपासाला फक्त साबुदाणा! अशानं स्नायू नि हाडं झिजतात. डाळ-उसळ, दूध-दही, अंडं, आपल्याकडचे बोंबील नि जवळा, यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या ताटात हवं. तुमच्यासुद्धा, बरं का!

म्हणून बाळांना कोंबून भरवायचं, असं मात्र नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या २०० मुलांची चौथ्या वर्षी तपासणी झाली. निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. जन्मतः वजन कमी, पण पुढे उंची किंवा वजन सरासरीहून जास्त, अशा मुलांच्या रक्तात हे प्रथिन सर्वांत जास्त होतं. पुण्यातल्याच आठ वर्षांच्या मुलांविषयीचा अभ्यास १९९९ साली आला. त्यात जन्मतः लहान नि आठव्या वर्षी वजनदार असलेल्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं अधिक आढळली. मोठेपणीच्या मधुमेहाची वाट अशी लहानपणीच सुरू होऊ शकते.

तेव्हा बारक्या जन्मलेल्या नातवाला "गुटगुटीत झालाच पाहिजे" म्हणून बिस्किटं नि साखरेची दुधं देऊ नका. आईचं दूध, मग घरचं मऊ अन्न, आणि दर खेपेला डॉक्टरांच्या तक्त्यावर वजनाबरोबर उंचीचीही नोंद. आणि मोठ्यांनी उंची वाढवण्याच्या पावडरींवर पैसे घालवू नयेत. त्याच पैशात महिन्याची अंडी येतील.