रुग्णालयाचं अंतर वर्तुळाने मोजू नका

१. मुंबईच्या नकाशावर बोरिवली आणि मुलुंड जवळजवळ शेजारी दिसतात. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभराहून अधिक चौरस किलोमीटर जंगल आहे; गाडीला घोडबंदरवरून नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने वळसा पडतो. अशा उपनगरांत अग्निशमन केंद्राभोवती कंपासने वर्तुळ काढून ‘एवढी वस्ती आवाक्यात’ म्हणता येत नाही.

२. त्याऐवजी आलेख मांडावा: चौक म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि प्रत्येक रेषेवर लागणारी मिनिटं. टेलिफोनचं स्विचिंग केंद्र किंवा महामार्गांच्या जाळ्यातलं पोलीस ठाणं कुठे असावं, हे संशोधक एस. एल. हकिमी यांनी १९६४ मध्ये याच रीतीने मांडलं. त्यात प्रश्न दोन आहेत. सगळ्यांचं मिळून अंतर कुठून सर्वांत कमी? आणि सर्वांत लांबच्या माणसापर्यंत लवकरात लवकर कुठून पोचता येईल? ग्रंथालयासाठी पहिला प्रश्न पुरे. बंबासाठी आणि रुग्णवाहिकेसाठी दुसराच विचारला पाहिजे, नाहीतर घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची घरं सरासरीत बुडून जातात. तिथे रस्ता संपतो आणि पायऱ्या सुरू होतात. आजाऱ्याला उचलून खाली आणावं लागतं. त्या पायऱ्यांची मिनिटंही हिशेबात हवीत.

३. आणि एखादी रेषाच पुसली गेली तर? अंधेरीने ते भोगलं आहे. ३ जुलै २०१८ रोजी पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहनांना बंद झाला. पश्चिमेचं कूपर रुग्णालय जागचं हललं नाही, पण पूर्वेच्या रुग्णांपासून ते दूर गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुलाची एक बाजू सुरू झाली, तर ती शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाहून उंच! दोन्ही जुळायला जुलै उजाडला आणि पूर्ण पूल खुला व्हायला मे २०२५. म्हणून जागा ठरवताना रुळांवरचा एकेक पूल बंद धरून हिशेब पुन्हा करावा. जिथे वेळ फार वाढतो, तिथे पूर्वेला आणि पश्चिमेला स्वतंत्र सोय हवी.

४. विकास आराखड्यातलं रुग्णालयाचं किंवा अग्निशमन केंद्राचं आरक्षण हलवायचा प्रस्ताव आला, की कोणत्या वस्तीची किती मिनिटं वाढणार, हे पालिकेने हरकती-सूचनांच्या नोटिशीतच छापावं.