रक्त घेणाऱ्या हाताची पात्रता

इस्पितळात पाऊल ठेवणाऱ्या रोग्याला डॉक्टरांपुढे जाऊन बसण्यापूर्वी पुष्कळदा दुसऱ्याच एका माणसापुढे हात पुढे करावा लागतो. दंडाला रबरी पट्टा बांधून, कोपराच्या लवणीत शीर चाचपून, हा माणूस चारदोन नळ्या रक्त काढून घेतो, कापसाचा बोळा दाबून धरावयास सांगतो आणि पुढच्याला हाक मारतो. त्याचे नाव रोग्याला ठाऊक नसते, त्याचे शिक्षण काय याची चौकशी कोणी करीत नाही, आणि काम निर्वेध पार पडले तर तो कोणाच्या स्मरणातही राहत नाही. इंग्रजी वैद्यकाच्या परिभाषेत त्याला फ्लेबॉटमिस्ट म्हणतात. आपल्याकडे तो नुसता ‘रक्त घेणारा’. पण डॉक्टरांचे निदान आज बव्हंशी प्रयोगशाळेच्या अहवालावर अवलंबून असते, आणि तो अहवाल या माणसाच्या हातून निघालेल्या नमुन्यावर. तेव्हा हे काम कोणी करावे, ते शिकावे कसे आणि त्याची पात्रता ठरवावी कोणी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

शीर टोचणे ही कोणालाही सहज जमणारी गोष्ट आहे, असा एक समज आपल्या समाजात रूढ आहे. तो किती भ्रामक आहे हे पाहावयाचे तर आपल्याच प्राचीन वैद्यकाकडे वळावे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिराव्यधाला एक संपूर्ण अध्याय दिलेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सूत्रस्थानात ‘योग्या’ या नावाने प्रात्यक्षिक शिक्षणाचा विचार केलेला असून, जिवंत माणसाला शस्त्र लावण्यापूर्वी शिष्याने मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर वेधनाचा सराव करावा असे तेथे सांगितले आहे. शास्त्र पुष्कळ ऐकलेला, पण सराव न केलेला मनुष्य कर्माला अयोग्यच, हा त्या प्रकरणाचा इत्यर्थ होय. इतक्या शतकांपूर्वी जे तत्त्व आपल्या पूर्वजांना उमगले होते, ते आज आपण विसरावे, हे शोभादायक नव्हे.

या कामाचे मर्म सुई टोचण्यात आहे तितकेच ते टोचण्याच्या आधी आणि नंतर आहे. रक्ताच्या नळ्यांना निरनिराळ्या रंगांची झाकणे असतात, ती शोभेसाठी नव्हेत. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असते, जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए, करड्या झाकणाच्या नळीत फ्लोराइड. त्या कोणत्या क्रमाने भरावयाच्या हे ठरलेले आहे. जांभळ्या नळीतील पोटॅशियमयुक्त ईडीटीएचा अंश चुकून दुसऱ्या नळीत गेला, तर रोग्याचे पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते; आणि पोटॅशियम वाढले म्हणजे हृदयाला धोका, असे समजून डॉक्टर धावपळ करू लागतात. निळी नळी रेषेपर्यंत भरली नाही तर रक्त गोठण्याचा काळ खऱ्यापेक्षा अधिक दिसतो, आणि हृदयविकाराच्या रोग्याला दिल्या जाणाऱ्या रक्त पातळ करण्याच्या औषधाची मात्रा त्यामुळे चुकू शकते. साखरेसाठी घेतलेले रक्त फ्लोराइडविना तसेच पडून राहिले तर रक्तपेशी त्यातील साखर खात राहतात आणि मधुमेही माणूस कागदावर निरोगी ठरतो. ज्या हाताला ग्लुकोजचे सलाइन लावलेले आहे त्याच हातातून रक्त घेतले तर निरोगी माणूस मधुमेही ठरतो. दंडावरचा पट्टा एका मिनिटाहून अधिक काळ आवळून ठेवू नये, डायलिसिसच्या रोग्याच्या फिस्टुला असलेल्या हाताला सुई लावू नये, भोवळ येणाऱ्याला आडवे निजवूनच रक्त घ्यावे. असे कितीतरी नियम आहेत. प्रत्येक नियमामागे शास्त्र आहे, आणि प्रत्येक नियमभंगाची किंमत रोग्याला मोजावी लागते.

यापेक्षाही गंभीर चूक आहे ती चिठ्ठीची. रोग्याला त्याचे नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे, केसपेपरावरील क्रमांकाशी किंवा जन्मतारखेशी ते ताडून पाहावे, आणि नळीवर चिठ्ठी रोग्यासमोरच लावावी, हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे. आपल्याकडे एकाच वॉर्डात दोन नाईक, तीन गावकर आणि चार फर्नांडिस असणे ही नित्याची गोष्ट आहे. रक्तगट तपासण्यासाठी घेतलेल्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली, तर न जुळणारे रक्त चढविले जाऊन माणूस दगावू शकतो. यंत्रे कितीही महागडी आणली तरी चुकीच्या माणसाचे रक्त त्यांना ओळखता येत नाही. प्रयोगशाळेच्या कामातील बहुतेक चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच्या टप्प्यात होतात, हे जगभरच्या जाणकारांनी मान्य केलेले आहे. तरीही पैसा खर्च होतो तो यंत्रांवर, माणसावर नव्हे.

रक्त घेणाऱ्याच्या स्वतःच्या जिवालाही या कामात धोका आहे. वापरलेली सुई बोटात शिरली आणि रोग्याच्या रक्तात हिपॅटायटिस-बीचे विषाणू असले, तर लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला त्या रोगाची बाधा होण्याचा संभव शंभरात सहापासून तिसापर्यंत असतो. एचआयव्हीच्या बाबतीत तो हजारात सुमारे तीन आहे. आकडा लहान असला तरी ज्याच्या बोटात सुई गेली त्याला त्या आकड्याने रात्री झोप येत नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, ती न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या पारदर्शी डब्यातच टाकावी, असे 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे नियम आणि इस्पितळांतील शिस्त सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली रक्त घेण्याच्या उत्तम पद्धतींविषयी स्वतंत्र मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली. पण डबा भरून वाहत असताना, हातमोजे मोजून दिले जात असताना आणि पुढे लांबलचक रांग उभी असताना शिस्त पाळणे किती अवघड जाते, हे त्या खुर्चीवर बसणाऱ्यालाच विचारावे.

असे हे जोखमीचे काम करण्यास पात्र कोण, यासंबंधी आपल्याकडील चित्र मात्र धूसर आहे. सरकारी इस्पितळांत परिचारिका, शिकाऊ डॉक्टर आणि डीएमएलटी झालेले तंत्रज्ञ रक्त घेतात. त्यांचे शिक्षण व्यापक असते आणि रक्तसंकलन हा त्याचा एक भाग असतो. आरोग्यसेवा क्षेत्र कौशल्य परिषदेने राष्ट्रीय कौशल्य अर्हतेच्या चौकटीत फ्लेबॉटमीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखला आहे, तो स्वागतार्हच म्हटला पाहिजे. पण या सन्मार्गाच्या शेजारीच एक आडवाटही आहे. थोड्या आठवड्यांत प्रमाणपत्र हाती ठेवणारे, रबराच्या हातावर दोनचार वेळा सुई टोचून घेऊन ‘प्रशिक्षित’ म्हणून शिक्का मारणारे वर्ग ठिकठिकाणी निघतात. बारावी झालेली मुले-मुली, पुष्कळदा आईबापांनी पदरमोड करून भरलेल्या फीच्या जोरावर, तेथून बाहेर पडतात. एखादी खाजगी लॅब त्यांना तुटपुंज्या पगारावर ठेवून घेते आणि खरा सराव मग तुमच्याआमच्या शिरांवर सुरू होतो. यात त्या मुलांचा दोष नाही. त्यांना अर्धवट शिकवून पुरते शिकल्याचे भासविणाऱ्यांचा आहे, आणि ते चालू देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

2021 साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी किमान 2000 तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले पदविका किंवा पदवी शिक्षण अपेक्षिले आहे, आणि राज्याराज्यांतून परिषदा स्थापन करून नोंदवह्या ठेवण्याची तरतूद आहे. डीएमएलटीसारख्या दीर्घ अभ्यासक्रमांना यामुळे चौकट लाभते. परंतु काही महिन्यांचा अभ्यासक्रम करून केवळ रक्त घेण्याचे काम करणारा माणूस या 2000 तासांच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. म्हणजे ज्याच्यावर देखरेख सर्वांत अधिक हवी, तोच नोंदवहीत येत नाही. ही फट बुजविणे अगत्याचे आहे.

इतरत्र काय केले जाते हे पाहिले तर मार्ग दिसतो. अमेरिकेतही सर्व राज्यांत परवान्याची सक्ती नाही. कॅलिफोर्निया, लुइझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन अशा मोजक्या राज्यांतच ती आहे. कॅलिफोर्नियात 1999 साली एका खाजगी प्रयोगशाळेतील रक्त घेणारी व्यक्ती सुया पुन्हा वापरीत असल्याचे उघडकीस आले, आणि त्यानंतर झालेल्या कायद्यान्वये 2003 साली नियम अमलात आले. अनुभव नसलेल्या उमेदवाराने तेथे 40 तास वर्गात शिकावे, 40 तास प्रत्यक्ष काम करावे, देखरेखीखाली किमान 50 वेळा शिरेतून आणि 10 वेळा त्वचेला टोचून रक्त घ्यावे, आणि मग परीक्षा द्यावी असा दंडक आहे. जे आधीपासून हे काम करीत होते त्यांना घरी बसविण्यात आले नाही. 1040 तासांहून अधिक अनुभव असलेल्यांसाठी वर्गातील तास कमी केले गेले, पण परीक्षेतून सूट कोणालाच नाही. ब्रिटनमध्ये अशी कायदेशीर नोंदणी नाही. तेथे इस्पितळेच उमेदवाराला नोकरीत घेऊन शिकवितात आणि हाताखाली काम करवून मगच मोकळे सोडतात. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे: पात्रता कागदावरून ठरत नाही, डोळ्यांदेखत मोजलेल्या कामावरून ठरते.

गोव्याला हे जमणार नाही काय? राज्य लहान आहे, आणि हीच आपली सोय आहे. ज्या भूमीत 1842 साली पणजीत वैद्यकीय शिक्षणाची शाळा उभी राहिली आणि जिची परंपरा आज बांबोळीचे गोमेकॉ चालवीत आहे, त्या भूमीला शिक्षक बाहेरून आणावे लागत नाहीत. म्हापशाचे आणि मडगावचे जिल्हा इस्पितळ शिकविण्यास समर्थ आहे. गरजही येथे उघड आहे. 1986 पासून पणजीत हिवतापाची साथ उसळली तेव्हा बोटाच्या टोकाला टोचून काचपट्टीवर घेतलेल्या थेंबावरच सारी मोहीम उभी होती. 2015 पासून सत्तरी तालुक्यातील काजूबागांत राबणाऱ्यांना माकडतापाने गाठले, तेव्हाही निदान रक्तानेच होत होते, आणि ते नीट घेऊन, थंड ठेवून, वेळेवर पोचविणे भाग होते. वाळपईच्या किंवा काणकोणच्या रोग्याचे रक्त तपासणीआधीच बिघडले, तर त्याला पुन्हा बसने यावे लागते, एक दिवसाची मजुरी पुन्हा बुडते. शहरातील सुखवस्तू माणसाला जी नुसती गैरसोय वाटते, ती गावच्या माणसाला शिक्षा होते.

तेव्हा आमच्या सूचना स्पष्ट आहेत. राज्य सरकारने रक्त घेण्याच्या कामासाठी किमान पात्रता ठरवावी आणि ती सरकारी व खाजगी, दोन्ही ठिकाणी सारखीच लागू करावी. वर्गातील तासांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्व देखरेखीखाली घेतलेल्या नमुन्यांच्या मोजदादीला द्यावे, आणि त्याची नोंदवही अनुभवी तंत्रज्ञाच्या सहीनिशी ठेवली जावी. परीक्षा गोमेकॉने किंवा जिल्हा इस्पितळांनी घ्यावी. जो शिकवितो व फी घेतो त्यानेच प्रमाणपत्र देण्याची रीत बंद व्हावी. हिपॅटायटिस-बीची लस टोचून घेतल्याविना कोणाच्याही हाती सुई देऊ नये, आणि त्या लसीचा खर्च उमेदवाराच्या माथी मारू नये. सरकारी इस्पितळांत या कामासाठी स्वतंत्र पदे असावीत, ती कंत्राटाच्या तात्पुरत्या दोरीवर लोंबकळत ठेवू नयेत, आणि पुढे शिकून तंत्रज्ञ होण्याची वाट त्यांतून मोकळी असावी.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक आहे. नियम कडक केले तर दहा-पंधरा वर्षे हे काम चोख बजावणारे, पण कागद नसलेले लोक उघड्यावर पडतील. छोट्या गावातील छोटी लॅब बंद पडेल. आणि अखेर रोग्याचीच पंचाईत होईल. आम्हांस हा धोका मान्य आहे. अनेक जुन्या हातांना अंधारातही शीर सापडते; वृद्धांच्या निसटत्या शिरा आणि तान्ह्या मुलांचे इवले हात ते ज्या हळुवारपणे हाताळतात ते कोणत्याही पुस्तकात नाही. अशांना दोन वर्षांची मुदत द्यावी, त्यांच्या कामाची पाहणी करावी, थोडे उजळणीचे शिक्षण द्यावे आणि परीक्षेला बसवावे. ज्याला काम येते त्याला परीक्षेचे भय बाळगण्याचे कारण नाही. उलट, आजवर नुसता ‘रक्त घेणारा’ असलेल्याला तिच्यामुळे एक नाव आणि एक दर्जा मिळेल. छोट्या लॅबचे म्हणाल तर, वाईट नमुन्यावर दिलेला स्वस्त अहवाल हा रोग्याला सर्वांत महागात पडतो.

वाचकांनाही दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. नळीवर आपलेच नाव लिहिले गेले की नाही हे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली जावी, असे सांगण्यात संकोच कसला? उपाशी आहोत की चहा घेऊन आलो, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे काय, हे न लपवता सांगणे हे मात्र आपले कर्तव्य आहे. आणि पहिल्या टोचणीत शीर सापडली नाही म्हणून त्या माणसावर खेकसणे हे सभ्यपणाचे लक्षण नव्हे. शिरा सर्वांच्या सारख्या नसतात.

शरीराला छेद देण्याचा अधिकार समाज फार थोड्यांना देतो. तो देताना डॉक्टरला आपण वर्षानुवर्षे तावूनसुलाखून घेतो. परिचारिकेची नोंद ठेवतो. पण जो हात रोज सकाळी शेकडो लोकांच्या शिरेत सुई घालतो, तो कोणाचा आणि कोठे शिकलेला, हे आपण विचारीतही नाही. हा प्रश्न सरकारने आता विचारावा, आणि त्याचे उत्तर नियमांच्या रूपाने जनतेपुढे ठेवावे, एवढीच आमची मागणी आहे.