पाच वाजताचं ताट



मुलं जेवत नाहीत, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे. मंदिरात स्वाध्याय संपला की जिन्यावर हाच विषय, लग्नाच्या पंगतीत हाच विषय. रात्री साडेआठला ताट वाढलं की मुलगा तोंड फिरवतो, मुलगी भात चिवडत बसते आणि कामावरून दमून आलेली त्यांची आई घास हातात घेऊन मागे मागे फिरते. माझं मत जरा वेगळं आहे. ही मुलं जेवलेली असतात. संध्याकाळी पाच वाजता बिस्किटं, वेफर्स, नाहीतर गोड पावडर घातलेलं दूध यांवर त्यांचं रात्रीचं जेवण उरकलेलं असतं. आपण त्याला खाऊ म्हणतो, म्हणून ते मोजत नाही, एवढंच.

माझा मुलगा आणि सून दोघंही पुण्यात नोकरी करतात. नात सात वर्षांची, नातू चार वर्षांचा. वर्षातले बरेच महिने मी त्यांच्याकडे असते. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट वहीत मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आठवडाभर मी फक्त एवढंच लिहून ठेवलं, की दुपारी चार ते सात या वेळात मुलांच्या पोटात काय जातं. वही वाचल्यावर सुनेला आणि मला दोघींनाही एकच गोष्ट दिसली. मुलांना दिवसातली सगळ्यात कडक भूक लागते ती शाळेतून आल्यावर, आणि नेमकी तीच वेळ आपण पाकिटाच्या हवाली केलेली असते. मन लावून केलेला स्वयंपाक मात्र रात्री, पोट भरलेल्या आणि झोपेला आलेल्या मुलांपुढे ठेवला जातो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. लहान मुलांचं रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच द्यावं. खाऊ नव्हे, जेवण. आपल्या धर्मात सूर्यास्तापूर्वी जेवायला सांगितलं आहे. आपल्याकडे हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. म्हणजे ही वेळ आणि लहान मुलांच्या भुकेची वेळ एकच आहे. नोकरी करणाऱ्या मोठ्यांना हा नियम पाळणं अवघड जातं, हे मला कळतं. पण मुलांना तो सोपा आहे, आणि त्यासाठी त्यांना काही सोडावं लागत नाही. झोपण्यापूर्वी दोन तास पोट मोकळं राहतं, आणि सकाळी मुलं भुकेली उठतात, हा आणखी एक फायदा.

यावर पहिली हरकत येते ती पाकिटाच्या बाजूने. "आता सगळं हेल्दी मिळतं, हिरवा ठिपकाही असतो." हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी. त्यात कांद्या-लसणाची पूड असू शकते, बटाटा असू शकतो, आणि साखर तर किती असेल याला मर्यादाच नाही. पाकीट पालथं करून वाचायची सवय लावून घ्या. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. पुढे 'मल्टिग्रेन' लिहिलंय आणि मागे पहिला शब्द मैदा, दुसरा साखर असेल, तर काय समजायचं ते समजा. दुधात घालायच्या पावडरींचंही तसंच. 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं त्या नावाखाली ठेवू नका असं कळवलं होतं.

हिशेब करून बघा. चार ग्रॅम साखर म्हणजे एक लहान चमचा. बिस्किटांच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम साखर लिहिली असेल आणि मुलाने ५० ग्रॅमचा पुडा संपवला, तर तीन चमचे झाले. दुधातल्या पावडरीत १०० ग्रॅमला ३० ग्रॅम साखर असेल आणि आपण २० ग्रॅम पावडर घातली, तर दीड चमचा. वर आपली एक चमचा साखर. एकूण साडेपाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नये, पाच टक्क्यांच्या आत राहिलं तर उत्तम. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी दहा टक्के म्हणजे आठ-साडेआठ चमचे. त्यातले साडेपाच पाच वाजताच खर्च. पोट भरलं, पण हाताला लागलं काय?

हे मी गांभीर्याने लिहिते आहे, कारण प्रश्न रक्ताचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या १०० मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. ही फक्त गरीब घरची मुलं असतील असं समजू नका. आपल्यासारख्या शाकाहारी घरांना तर जास्तच लक्ष द्यायला हवं. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या यांतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. त्याला लिंबू, आवळा, टोमॅटो यांची जोड लागते. म्हणून वरणावर लिंबू पिळायची आपली पद्धत नुसती चवीची नाही. उलट जेवणाबरोबर चहा दिला तर लोह आणखी कमी मिळतं.

दुधाचंही नीट समजून घ्या. बी-१२ हे जीवनसत्त्व आपल्याला दूध, दही, ताक यांतूनच मिळतं, ते वनस्पतींतून मिळत नाही. म्हणून दूध हवंच. पण दुधात लोह नावापुरतंच असतं. 'जेवला नाही, निदान दूध तरी पितोय' म्हणत दिवसाला चार-चार पेले पाजले, तर पोटात जेवणाला जागा उरत नाही. एक-दोन कप दूध आणि वाटीभर दही-ताक पुरे.

दुसरी हरकत, "पाच वाजता करणार कोण?" ही खरी अडचण आहे, आणि इथे मला माझ्या वयाच्या बायकांशी बोलायचं आहे. आपण सुनांकडून काय अपेक्षा करतो? ताटात पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर, चटणी, सगळं ताजं आणि सगळं गरम. नऊ तास नोकरी आणि दोन तास प्रवास करून हे रोज होत नाही. होत नाही म्हटल्यावर त्या फटीतून पाकीट घरात शिरतं. म्हणजे पाकीट आणणारी सून एकटी जबाबदार नाही, सहा पदार्थांचा आग्रह धरणारे आपणही त्यात आहोत. मुलाच्या पोटासाठी एक पूर्ण पदार्थ पुरतो. धान्य, डाळ, भाजी आणि चमचाभर तूप एका ताटलीत आलं की जेवण झालं.

आमच्याकडे आठवडा ठरलेला आहे, रोज विचार करायला नको म्हणून. सोमवारी किसलेला दुधी घालून मुगाच्या डाळीचं धिरडं. मंगळवारी चकोल्या, तुमच्याकडे वरणफळं म्हणत असतील, वर तूप आणि लिंबू. बुधवारी ज्वारीची भाकरी गरम आमटीत कुस्करून. गुरुवारी मसूर आणि मटार घातलेली खिचडी. शुक्रवारी उकडलेल्या कच्च्या केळ्याची टिक्की पोळीत गुंडाळून. हे मुलांना इतकं आवडतं, की बटाट्याची आठवणही येत नाही. शनिवारी काकडी किंवा मेथी घालून थालीपीठ, रविवारी मुलं सांगतील ते. ज्यांच्याकडे द्विदलाचा नियम आहे त्यांनी धिरड्याबरोबर दही न देता खोबऱ्याची चटणी द्यावी. चातुर्मासात पालेभाजी सोडत असाल, तर दुधी, दोडका, लाल भोपळा आहेतच.

डाळ भिजवणं, भाजी किसणं, कणीक मळणं हे सकाळच्या स्वयंपाकातच होतं. संध्याकाळी वीस मिनिटांचं काम उरतं. आजी घरात असेल तर ती करेल. नसेल तर मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना धिरडं घालायला शिकवता येतं. आणि ज्या दिवशी मुलगा घरून काम करतो, त्या दिवशी तो करतो. मुलं त्याचीही आहेत. माझा मुलगा चकोल्या छान करतो, हे मी पाहुण्यांसमोर मुद्दाम सांगते.

मधल्या भुकेसाठी डबे भरून ठेवा, पण आपले. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, फुटाणे, लसूण न घातलेला भडंग, खाकरा, केळं, पेरू. डाळींइतकीच प्रथिनं शेंगदाण्यात असतात, १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तर तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. म्हणून नाचणीचं सत्त्व किंवा लाडू घरात असू द्या. एक काळजी मात्र घ्या. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. आणि पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरांनी, म्हणजे पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस, भाजणी थोडी थोडीच दळावी. ताज्या पिठाची चवही वेगळीच लागते.

तिसरी हरकत सासऱ्यांकडून येते. "सगळ्यांनी एकत्र जेवायला नको का?" हवं ना. पण त्यासाठी लहान मुलांना रात्री साडेआठपर्यंत बिस्किटांवर ताटकळत ठेवायचं का? आमच्याकडे सकाळचा नाश्ता सगळे एकत्र करतात, सात वाजता, अगदी पंधरा मिनिटं. संध्याकाळी आईबाबा आले की मुलं त्यांच्याजवळ बसून अर्धा कप दूध पितात आणि शाळेतल्या गोष्टी सांगतात. सूर्यास्तानंतर पाण्याखेरीज काही न घेण्याचा नियम असेल, तर नुसत्या गोष्टी सांगतात. घास भरवायची घाई नसल्याने त्या गोष्टी पूर्ण ऐकून होतात, हे माझ्या सुनेचंच वाक्य.

पहिले आठ-दहा दिवस मुलं कुरकुर करतील, पाकीट मागतील. रागावू नका, उपदेशही करू नका. पाकीट घरात नसेल तर मागणं आपोआप कमी होतं. वाढदिवसाला, प्रवासात खाल्लं तर खाऊ द्या. रोजचं पाच वाजताचं ताट तेवढं सांभाळा.

तुमच्याकडे पाच वाजता मुलांच्या हातात काय असतं, हे आठ दिवस वहीत लिहा. मग सासू-सून दोघी मिळून ती वही वाचा, एकमेकींकडे बोट न दाखवता. आणि तुमच्याकडचा कांदा-बटाटा नसलेला एखादा झटपट पदार्थ असेल तर मला जरूर कळवा. आमचा बुधवार जरा कंटाळवाणा झाला आहे.