युरियाची गोणी, पेन्सिलचं शिस आणि सहावीचं नवं पुस्तक

सारोळे (ता. भोर) : युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र किती, हे आपल्याकडे शेतकऱ्याचं पोरगंही सांगेल. 46 टक्के, गोणीवरच छापलेलं असतं. पण त्याच गोणीत साधारण 9 किलो कार्बन असतो, हे दहावी झालेल्यालाही पटकन सांगता येत नाही. सध्या शाळेच्या पुस्तकांचं जे चाललंय, त्यात हा मुद्दा कुणाच्या तोंडी नाही, म्हणून हा लेख.

आधी पुस्तकांचं पाहू. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायचं ठरलं. पहिली 2025-26 ला, दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी 2026-27 ला, मग पाचवी, सातवी, नववी, आणि 2028-29 ला आठवी-दहावी. त्यावरून हिंदीचा वाद पेटला, मोर्च्यांची भाषा झाली, आणि 29 जून 2025 ला तिसऱ्या भाषेचे निर्णय सरकारने मागे घेतले. भाषेवर भांडण व्हायलाच हवं होतं. पण त्या गदारोळात विज्ञानाच्या पुस्तकात काय येणार, हे ना चावडीवर कुणी विचारलं ना टीव्हीवर.

राज्य मंडळाच्या आतापर्यंतच्या पुस्तकांत कार्बनचा स्वतंत्र धडा येतो तो थेट नववीत, 'कार्बन : एक महत्त्वाचे मूलद्रव्य'. दहावीत 'कार्बनी संयुगे'. म्हणजे पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं झाल्यावर मिथेन, इथेन, प्रोपेन अशी नावांची माळ एकदम गळ्यात पडते. पाठ करायची, पेपरात ओकायची, विसरायची. आणि दुसऱ्या टोकाला मोबाईलवर जाहिराती: पाचवी-सहावीपासून 'फाउंडेशन' लावा, पोरगं आयआयटीला जाईल. फी ऐकून दुभती म्हैस विकावी लागेल.

या दोन्हीच्या मधे एक रस्ता आहे, आणि तो आपल्या घरातूनच जातो.

तिसरी-चौथीच्या पोराला विचारा, तुझ्या पेन्सिलमध्ये काय आहे? ते म्हणेल शिस. नाव शिस, पण आत शिसं औषधालाही नाही. ग्रॅफाइट आणि माती. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच. दिव्यावर वाटी धरली की धरते ती काजळीही बहुतांश कार्बनच. चुलीवर इंद्रायणीचा भात करपला की तळाला उरतं ते काळं, तेही तसंच. साखर तव्यावर तापवली तर आधी तांबूस, मग काळी होते. म्हणजे पांढऱ्या साखरेत काळा कोळसा लपलेला होता! एवढं एक आईसमोर, आईच्या हाताने करून दाखवलं तरी पोरगं आठवडाभर प्रश्न विचारतं.

पुढची पायरी मोठ्या पोरांची. कार्बनला चार हात, हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन. कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये, एवढाच नियम. एका कार्बनला चार हायड्रोजन लागले की झाला मिथेन, आपल्या गोबरगॅसमधला जळणारा वायू. चार कार्बनची साखळी केली की ब्युटेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला. दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन जोडला की इथेनॉल, उसाच्या मळीतून निघून आज पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळतंय ते. गाडीचं ॲव्हरेज कमी झालं म्हणून पंपावर आपण जी कुरकुर करतो, तिचं उत्तर या काड्या-जोडण्यांतच आहे. इथेनॉलमध्ये आधीच एक ऑक्सिजन बसलाय, म्हणून लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा कमी मिळते.

हे जोडायला महागडा संच नको. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1970 च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथून त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचे सांगाडे पोरांच्या हातात दिले. पुढे ते पुण्याच्या आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते. 2018 ला पद्मश्री मिळाली. नळीचा तुकडा घ्यायचा, बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं, त्यातून दुसरा तुकडा ओवायचा. चार तोंडं तयार. हाच झाला कार्बन. काड्यांचं गूल मात्र आधी काढून टाकायचं.

आता खरी गोची. हे घेणार कोण? 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयावर शिक्षक संघटना चिडल्या त्या यामुळेच, की सहावी ते आठवीत 20 पेक्षा कमी पोरं असतील तर त्या वर्गांना पदवीधर शिक्षक उरत नाही. हायवेलगतच्या गावांना याची झळ कमी, वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांना जास्त. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून तोरणमाळ आणि आपल्या पानशेतचं नाव पुढे केलं होतं. एकत्र शाळेत प्रयोगशाळा मिळेल, विज्ञानाचा शिक्षक मिळेल, हे मान्य. पण पावसाळ्यात ओढे ओलांडून तिथवर पोरगी पाठवायची कशी, हा आईबापाचा प्रश्नही खोटा नाही. माझं मत विचाराल तर शिक्षक पोरांकडे फिरवा, आठवड्यातून दोन दिवस का होईना.

कारण प्रश्न मार्कांचा नाही. बाजारात 'सेंद्रिय' हा शब्द बघा. शेतीत सेंद्रिय म्हणजे शेणखत, जीवामृत, विषमुक्त. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. त्या हिशेबाने युरियाही सेंद्रिय! 1828 साली जर्मन शास्त्रज्ञ व्होलरने तो प्रयोगशाळेत बनवला, तोवर लोक समजत होते की असले पदार्थ फक्त जिवंत शरीरातच तयार होतात. क्लोरपायरीफॉससारखं कीटकनाशकही रसायनशास्त्रात सेंद्रियच, आणि ते विषच आहे. बाटलीवरच्या एका शब्दावर भरवसा ठेवून चालत नाही, त्रिकोणाचा रंग बघावा लागतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-मजूर गेले.

आणि थंडीतली शेगडी. निखाऱ्याला हवा भरपूर मिळाली तर एका कार्बनला दोन ऑक्सिजन लागतात. दारं-खिडक्या लावून घेतल्या की एकच लागतो, आणि तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. काड्या-नळ्या जोडलेल्या पोराला 'एक की दोन' हे लगेच कळतं, आणि तेच पोरगं रात्री आजीच्या खोलीची खिडकी उघडायला उठेल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातला नियम. पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पोषण आहाराच्या सोबत एवढं विचारा : आमच्या सहावी-सातवीला विज्ञान कोण शिकवतं, आणि या वर्षात पोरांनी हाताने किती प्रयोग केले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.