पर्यावरण ही केवळ विज्ञान शाखेची मिरासदारी आहे काय?

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

बी. ए. झाल्यावर पर्यावरणशास्त्र व व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असा माझा विचार आहे. तो बोलून दाखवला की दोन प्रश्न हमखास येतात. घरची माणसे विचारतात, "नोकरी मिळेल का?" आणि विज्ञान शाखेतील मैत्रिणी विचारतात, "तुला प्रवेश मिळेल का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर काळ देईल. दुसरा प्रश्न मात्र माझ्या एकटीचा नाही, म्हणून तो येथे मांडते.

बहुतेक विद्यापीठांत पर्यावरणशास्त्राच्या एम. एस्सी.ला विज्ञान शाखेचीच पदवी लागते. सामाजिक शास्त्रांच्या काही संस्थांनी इतरांसाठी दार किलकिले केले आहे. पण तो अपवाद झाला. पाणी तपासणे, हवा मोजणे हे रसायनशास्त्राचे काम. तेथे अर्थशास्त्र, मराठी वा राज्यशास्त्र शिकलेल्याने जाऊन काय करायचे, असा या नियमामागचा विचार दिसतो. हा विचार अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे नेहमीच अधिक फसवे असते.

जो अर्धा भाग खरा आहे, तो आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी आधी मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. पर्यावरण म्हटले की आपल्या लेखणीला बहर येतो. वसुंधरा माता होते, वृक्ष सोयरे होतात, टाळ्या पडतात. पण नदी घाण झाली म्हणजे नेमके काय झाले, हे विचारले तर आपण गप्प. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात, याचे एक माप आहे. आपल्याकडे २७ अंश सेल्सिअस तापमानात ३ दिवस नमुना ठेवून ते काढतात. स्नानयोग्य पाण्यात हे माप लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. एवढे ठाऊक नसेल, तर नदीविषयीची आपली सारी कळकळ कारखान्याचा एखादा कारकूनसुद्धा एका वाक्यात उडवून लावील.

हे ज्ञान आपल्याला मिळावे, अशी तजवीज झालेली नाही असेही नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर अनिवार्य करावा असे म्हटले. त्यातूनच पुढे पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. परंतु त्याचे आपण काय केले? प्रकल्पाची वही एक जण लिहितो आणि ती वर्गभर फिरते. विषयाचे गुण मिळतात, विषय मिळत नाही. प्राध्यापकवर्गाने रागावू नये. पण या तासाकडे गंभीरपणे पाहणारे दोन्ही बाजूंना थोडेच आहेत.

आता उरलेला अर्धा भाग पाहू. प्रयोगशाळा नदी किती घाण आहे ते सांगते. ती घाण कोणाची, ती सोडणे स्वस्त का पडते, कायदा असून तो का लागू होत नाही आणि भोगते कोण, हे मात्र कोणतीही परीक्षानळी सांगत नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ साली झाला, हवेचा १९८१ साली; भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. कायदे आहेत, मापे आहेत, यंत्रेही आहेत. नद्या मात्र घाणच राहिल्या. तेव्हा जे कमी पडते आहे ते केवळ रसायनशास्त्र नव्हे.

पुरंदर तालुक्यातील नायगावचे उदाहरण घ्या. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. साळुंखे स्वतः अभियंते. बांध घालणे, पाणी उचलणे हे त्यांना अवघड नव्हते. पण त्यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला : साठलेले पाणी कोणाचे? त्यांचे उत्तर असे, की ज्याची जमीन जास्त त्याचे पाणी जास्त, हे चालणार नाही. कुटुंबातील माणसे मोजून, माणशी अर्ध्या एकराला पुरेल असे पाणी द्यायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, आणि ऊस लावायचा नाही. यातील एकही नियम अभियांत्रिकीच्या पुस्तकातला नाही. हे अर्थशास्त्र आहे, न्यायशास्त्र आहे. 'व्यवस्थापन' हा शब्द पदवीच्या नावात असतो, त्याचा खरा अर्थ हाच असला पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषेची. मोठा कारखाना, खाण वा बंदर उभारण्यापूर्वी त्याचे पर्यावरणावर काय परिणाम होतील याचा अहवाल करावा लागतो. तो ज्या सल्लागाराकडून होतो, त्याची फी प्रकल्प उभारणाराच देतो. २००६च्या अधिसूचनेनुसार बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना ३० दिवस आधी निघते. मात्र सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे गाव आले नाही तरी ती पार पडते. स्थानिक भाषेत मिळतो तो केवळ गोषवारा. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. ज्याच्या विहिरीचा प्रश्न त्याला अहवाल वाचता येत नाही, आणि ज्याला तो वाचता येतो त्याची तेथे विहीर नसते.

ही तक्रार काल्पनिक नाही. २०२० साली या अधिसूचनेचा नवा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा तो घटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत उपलब्ध करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्या २२ भाषांत आपली मराठीही आहे. ती येथे रोज शिकवली जाते, तिच्यात आपण प्रबंध लिहितो. मग भूजल, उत्सर्जन, धूळ यांची माहिती गावाला कळेल अशा मराठीत मांडणे हे काम मराठीच्या पदवीधराचे नाही, तर कोणाचे?

माझी सूचना साधी आहे. पर्यावरणाच्या पदव्युत्तर वर्गात काही जागा कला व वाणिज्य शाखेला द्याव्यात. आम्हाला पहिले सत्र रसायन, जीवशास्त्र आणि सांख्यिकीत घालवू द्यावे, आणि त्यात नापास होणाऱ्यांना खुशाल परत पाठवावे. आम्हाला सवलत नको, संधी हवी. त्याच सत्रात विज्ञानाच्या पदवीधरांनी कायदा, अर्थशास्त्र शिकावे आणि चार दिवस गावात राहून माणसांशी बोलावे. त्यांनाही परीक्षा असावी.

आणि माझ्या कलाशाखेच्या बंधुभगिनींनो, दार उघडेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यात जनसुनावणीची सूचना वर्तमानपत्रात येईल तेव्हा ती कापून ठेवा. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात पाहायला मिळतो. विज्ञान शाखेचा एखादा मित्र बरोबर घेऊन तो वाचा. आकडे त्याने समजावावेत, त्यांचा अर्थ आपण गावाच्या भाषेत लिहावा. ३० दिवस पुरेसे आहेत.