मतदारांची नाराजी टक्केवारीत उमटत नाही

नवी दिल्ली : मतदान संपले की त्या दिवशी सायंकाळी एक आकडा जाहीर होतो आणि त्यावरून मतदारांच्या उत्साहाचे किंवा निरुत्साहाचे निदान केले जाते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सात टप्प्यांत मिळून सुमारे ६६ टक्के मतदान झाले. २०१९ मध्ये हे प्रमाण ६७.४० टक्के होते. जवळपास ९७ कोटी नोंदणीकृत मतदारांपैकी ६४ कोटींहून अधिक जणांनी हक्क बजावला. उरलेल्या एक तृतीयांश मतदारांवर बहुतेक वेळा ‘उदासीन’ असा शिक्का मारला जातो. मतदान केंद्रांबाहेर दिवसभर ऐकू येणाऱ्या तक्रारी मात्र वेगळीच बाब सूचित करतात. मतदान न करणारा प्रत्येक जण उदासीन नसतो आणि मतदान करणारा प्रत्येक जण समाधानी नसतो.

पाचव्या टप्प्यात २० मे २०२४ रोजी मुंबईतील सहाही मतदारसंघांत मतदान झाले. ऐन उन्हाळ्यात अनेक केंद्रांवर रांगा तासन् तास पुढे सरकत नसल्याच्या तक्रारी आल्या. पुरेशी सावली आणि पिण्याचे पाणी नव्हते. मोबाइल आत नेण्यास मनाई होती, पण तो ठेवायचा कोठे याचे उत्तर केंद्रावरील कर्मचाऱ्यांकडेही नव्हते. काही ज्येष्ठ नागरिक मतदान न करताच घरी परतले. सायंकाळी सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मतदान करू देण्याचा नियम असल्याने काही केंद्रांवरील काम रात्रीपर्यंत चालले. आकडेवारीत मात्र कंटाळून परतलेला मतदार आणि सुटी साजरी करण्यासाठी बाहेरगावी गेलेला मतदार एकाच रकान्यात जमा झाले.

या अनुभवाची दखल घेतली गेली, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला झालेल्या विधानसभा निवडणुकीपूर्वी राज्यातील मतदान केंद्रांची संख्या वाढवण्यात आली आणि मोठ्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारातही केंद्रे उघडण्यात आली. त्या निवडणुकीत राज्यातील मतदान सुमारे ६६ टक्क्यांपर्यंत पोहोचले. लोकसभेला ते ६१ टक्क्यांच्या आसपास होते. ही वाढ केवळ व्यवस्थेमुळे झाली असे म्हणता येणार नाही. प्रचाराची तीव्रता आणि स्थानिक चुरस यांचाही त्यात वाटा होता. मुंबई तेव्हाही राज्याच्या सरासरीच्या मागेच राहिली. पुढे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने एका केंद्रावर १,२०० पेक्षा अधिक मतदार नसावेत, तसेच केंद्राबाहेर मोबाइल ठेवण्याची सोय असावी, असे निर्णय घेतले. रांगेतील तक्रार धोरणापर्यंत पोहोचू शकते, हे त्यातून दिसले.

यादीतून गायब झालेले नाव

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. हातात मतदार ओळखपत्र असूनही यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे अनेकांना केंद्रावर गेल्यावरच कळते. उमेदवारी अर्जाची मुदत संपल्यानंतर यादीत नाव समाविष्ट करता येत नसल्याने त्या दिवशी कोणताही अधिकारी मदत करू शकत नाही. आपल्या नावावर दुसऱ्यानेच मत दिल्याचे आढळल्यास मतदाराला ‘प्रदत्त मत’ देता येते. ते वेगळ्या पाकिटात ठेवले जाते आणि सामान्यतः मोजले जात नाही. या तरतुदीची माहितीच नसल्याने कित्येक जण केंद्राधिकाऱ्याशी वाद घालून माघारी फिरतात.

मतदारयादीचा प्रश्न आता राष्ट्रीय चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. बिहारमध्ये २०२५ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी विशेष सखोल पुनरीक्षण झाले. त्याच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली, तर ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत सुमारे ७ कोटी ४२ लाख मतदार उरले. मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे काढणे आवश्यकच होते, अशी आयोगाची भूमिका होती. पात्र मतदारांवर अन्याय होत असल्याचा आक्षेप विरोधी पक्षांनी आणि काही संघटनांनी घेतला. वगळलेल्या नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करावी, यासाठी सर्वोच्च न्यायालयाला निर्देश द्यावे लागले. नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यासह १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत हीच प्रक्रिया सुरू झाली. मतदार संख्या कमी झाली की मतदानाची टक्केवारी आपोआप वाढलेली दिसते. त्यामुळे टक्केवारीची तुलना करताना भाजक बदलला आहे काय, हे तपासणे आता अनिवार्य ठरते.

गावात नाव, शहरात पोट

स्थलांतरित मतदाराची अडचण तिसऱ्या प्रकारची आहे. त्याचे नाव यादीत असते, पण ते शेकडो किलोमीटर दूर. मुंबईत राबणारा बिहारचा मजूर असो की सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून देशभरच्या सराफ बाजारांत गेलेला गलाई व्यावसायिक असो, एका मतासाठी त्याला प्रवासखर्च आणि बुडालेला रोजगार यांचा हिशेब करावा लागतो. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देण्याचे बंधन कायद्यात आहे. मात्र रोजंदारीवरील असंघटित कामगाराच्या पदरात ती क्वचितच पडते. दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवले. पक्षांच्या शंकांमुळे तो प्रस्ताव पुढे सरकला नाही.

पर्यायांविषयीची खंत

मतदान करणाऱ्यांची नाराजीही समजून घ्यावी लागेल. लोकनीती-सीएसडीएसच्या २०२४ मधील निवडणूकपूर्व पाहणीत २७ टक्के मतदारांनी बेरोजगारी, तर २३ टक्के मतदारांनी महागाई हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असल्याचे सांगितले होते. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांनी निर्यातबंदीचा राग मतपेटीतून व्यक्त केला. दिंडोरीत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. मात्र त्याच मतदारसंघात विजयी उमेदवार भास्कर भगरे यांच्याशी आडनावाचे आणि चिन्हाचे साम्य असलेल्या एका अपक्षाला एक लाखाहून अधिक मते मिळाली. पक्षफुटीनंतर बदललेल्या चिन्हांच्या गर्दीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसती ‘तुतारी’ यांतील फरक किती जणांच्या लक्षात आला असेल, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

सप्टेंबर २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ‘नोटा’चा पर्याय आला. इंदूरमध्ये २०२४ साली काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतल्यावर २ लाख १८ हजारांहून अधिक मतदारांनी तो निवडला. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला, तेथे ‘नोटा’ला १५ हजारांहून अधिक मते होती. तरीही लोकसभा आणि विधानसभेत या मतांचा निकालावर कायदेशीर परिणाम होत नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घेण्याची तरतूद केली, ती अपवादात्मकच म्हणावी लागेल.

जेथे ‘नोटा’ही अपुरा वाटतो, तेथे बहिष्काराचा मार्ग पत्करला जातो. स्वतंत्र प्रशासकीय व्यवस्थेच्या मागणीसाठी नागालँडच्या पूर्वेकडील सहा जिल्ह्यांत १९ एप्रिल २०२४ रोजी जवळपास शून्य मतदान झाले. रस्ते, वीज आणि पाण्यासाठी मेळघाटातील काही गावांनीही केंद्रांकडे पाठ फिरवली. ज्यांना राजकारणाशी देणेघेणे नाही अशांचे हे वर्तन नव्हे. दुसरा मार्ग उरला नाही असे वाटणाऱ्यांची ती राजकीय कृती होती.

रांग, यादी, स्थलांतर, पर्यायांचा अभाव आणि बहिष्कार ही पाच कारणे आणि त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत. पहिल्या दोहोंवर प्रशासन मात करू शकते, तिसऱ्यासाठी राजकीय सहमती हवी, तर उरलेल्या दोहोंचे उत्तर पक्षांना आणि सरकारांनाच द्यावे लागेल. जनजागृती मोहिमा, सेल्फी केंद्रे आणि ख्यातनाम व्यक्तींची आवाहने या पाचांपैकी एकाचेही निराकरण करत नाहीत. मतदानाच्या टक्केवारीसोबत केंद्रनिहाय प्रतीक्षेचा कालावधी, वगळलेली नावे आणि प्रदत्त मते यांची माहितीही नियमितपणे प्रसिद्ध झाली, तर मतदार का आला नाही याविषयी तर्क लढवण्याची गरज कमी होईल. दोष मतदाराचा की व्यवस्थेचा, हे ठरवण्यासाठी किमान तेवढा पुरावा समोर असायला हवा.