वडिलोपार्जित

आमच्या घराण्यात वडिलोपार्जित मालमत्ता म्हणजे एक शिसवी देव्हारा, टोले चुकणारे एक घड्याळ आणि छातीचे दुखणे. आजोबा ५१ व्या वर्षी गेले, अण्णा ५२ व्या. यंदा कोजागरीला मला ५२ वे लागले.

तेव्हापासून मी जिन्याच्या पायऱ्या मोजू लागलो. घरात काही बोललो नाही. फक्त विम्याचे कागद वरच्या खणात आणून ठेवले. आमच्या सौ.च्या नजरेतून ते सुटणे शक्यच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवले.

"रक्तातच आहे डॉक्टर," मी म्हणालो, "नशिबाला औषध कुठलं?"

"रक्तात काय आहे ते आधी पाहू तरी!" डॉक्टर हसले. "काही घराण्यांत एका जनुकात दोष असतो. यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही. अडीचशे माणसांत सुमारे एकाला हे असतं. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी हे कोडं उलगडलं. त्यांना १९८५ साली नोबेल मिळालं. पण बहुतेकांत असा एकच गुन्हेगार नसतो. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर धोका वाढवणारी एक जागा सापडली. आज अशा शेकडो माहीत आहेत. एकेकीचा भार चिमूटभर, पण पुष्कळ जमल्या की पारडं झुकतं."

"म्हणजे संपलंच की!"

"संपलं कसं? २०१६ साली पंचावन्न हजारांवर माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम, नेमस्त आहार, यांतल्या निदान तीन गोष्टी ज्यांनी पाळल्या, त्यांच्यात हृदयविकार बेबंद राहणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आढळला. आणि ही माणसं जन्मतःच सर्वांत जास्त धोका घेऊन आलेली! बरं, तुमचे अण्णा सिगारेट ओढत?"

"दिवसाला वीस."

"मग सगळा दोष घराण्यावर कशाला?"

माझी तपासणी झाली. वाईट कोलेस्टेरॉल २१२. गोळ्या सुरू झाल्या. मी जरा सावरतो तोच डॉक्टर म्हणाले, "आता चिरंजीवांनाही आणा. हा दोष एका पालकात असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा."

वाचकहो, स्वतःच्या मरणाची मी महिनाभर शांतपणे तयारी केली होती. पण त्या वाक्याने माझे पाय लटपटले. चार दिवस मी टाळाटाळ केली. अखेर सौ.च पोराला घेऊन गेल्या.

त्याचाही आकडा चढलेला निघाला. मी मान वर करीना. एकोणीस वर्षांचा पोरगा माझ्याजवळ येऊन बसला.

"बाबा, अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला बावन्नाव्या वर्षी कळलं. मला आत्ताच कळलं. मग वाईट काय झालं?"

मला उत्तर सुचले नाही. विम्याचे कागद परत खालच्या खणात गेले. आता पहाटे आम्ही दोघे टेकडीवर जातो. तो पुढे, मी मागे.

आणि फराळ? मिळाला. दोन चकल्या. मोजून.